वडिलांचा रस्ता, मुलाचे विस्मरण

कोथरूडकराला महर्षी कर्व्यांचे स्मरण मुद्दाम करावे लागत नाही. कर्वे रस्त्याने त्याची रोजची ये-जा असते, कर्वे पुतळा ही त्याची खूण असते. परंतु महर्षींचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, पदरमोड करून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, याची आठवण कितीकांना असते? ज्यांना असते तेही ती संततिनियमनापाशी थांबवितात. १९३४ साली रघुनाथरावांवर अश्लीलतेचा जो खटला झाला, त्यास कारण झालेल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही निकाल विरुद्ध गेला आणि २०० रुपये दंड झाला.

ही हकीकत येथे सांगण्याचे प्रयोजन असे की, समलिंगी प्रेम हे अलीकडचे परदेशी थेर आहे, असे आपल्या दिवाणखान्यांतून अजूनही छातीठोकपणे सांगितले जाते. मराठी वाङ्मयाची साक्ष निराळी आहे. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री त्याची नायिका, आणि रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका केली. 'घाशीराम' व 'सखाराम' यांवर आपण तावातावाने भांडलो. मित्राच्या मरणाविषयी मात्र बोलावयाचे टाळले. आळेकरांचे 'बेगम बर्वे' याच पुण्यात थिएटर अॅकॅडमीने १९७९ साली केले. त्यात कारकुनांचे स्वप्नरंजन आहे, संगीत नाटकाच्या वैभवाचे भग्नावशेष आहेत, हे सारे खरे. परंतु स्त्रीवेषात रमणारा तो बर्वे स्वतः कोण, हा साधा प्रश्न आपल्या समीक्षेने प्रतीकांच्या ढिगाखाली पुरला. राजन गवसांनी 'भंडारभोग'मध्ये जोगत्याचे जिणे मांडले, तेही ग्रामीण साहित्याच्या खणात जाऊन बसले.

सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'ची कथा तर आपल्याच घरातली वाटावी अशी. घरी राहावयास आलेल्या एका तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात. मौजेने २००६ साली काढलेली ही कादंबरी २०१३ साली जेरी पिंटोंच्या इंग्रजी अनुवादातून बाहेर गेली. २०२२ साली तिचा चित्रपट झाला. इंग्रजीतून परत आल्यावरच आपल्या वस्तूची किंमत कळावी, हा पुणेरी चोखंदळपणा नव्हे. बिंदुमाधव खिरे यांना तेवढेही भाग्य लाभले नाही. २००२ साली पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' स्थापन करणाऱ्या या लेखकाने 'पार्टनर' लिहिले आणि 'मनाचिये गुंती'त समलिंगी व्यक्ती व त्यांच्या आप्तांचे अनुभव एकत्र आणले.

कलागुण सर्वांत सारखे आहेत, असे आमचे म्हणणे नाही. 'पार्टनर'चे मोल कलाकृतीपेक्षा सोबती म्हणून अधिक, असे आमचे मत आहे. पण त्या सोबतीची निकड खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क देण्यास मात्र नकार दिला. न्यायालयाच्या या दोन टोकांमध्ये जो मुलगा किंवा मुलगी उभी आहे, तिच्यासाठी आईवडील स्थळे पाहत आहेत. 'लग्न झाले की सारे सुरळीत होईल' या एका वाक्याने दोन जीवांचे, पुष्कळदा दोन घरांचे, आयुष्य नासते. ते वाक्य उच्चारण्यापूर्वी आईबापांनी 'मनाचिये गुंती' वाचले, तर निदान आपल्यासारखेच दुसरे कोणी या पेचातून गेले आहे, एवढे त्यांस कळेल.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. कोथरूडच्या वाचनालयांनी ही पुस्तके मागवावीत आणि ती मागून घ्यावी लागणाऱ्या कपाटात न ठेवता उघड्या फळीवर ठेवावीत. नाव नोंदवून पुस्तक मागणे काहींना किती जड जाते, याचा विचार ग्रंथपालांनी करावा. पुण्यात २०११ साली अभिमान पदयात्रा प्रथम निघाली. तीत चालणाऱ्यांना टाळ्यांहून अशा वाचकांचा उपयोग अधिक होईल. आणि एखाद्या नाट्यसंस्थेने यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात 'मित्राची गोष्ट' पुन्हा लावलीच, तर कोथरूडकरांनी तिकिटे काढून, सहकुटुंब जावे.