दात पांढरे करायचेत? आधी डाग ओळखा

गॅदरिंग असो, मुलाखत असो की ताईचं लग्न, फोटोत ओठ मिटूनच हसणारे आपल्यात बरेच आहेत. मग कुणी मोबाईलवर व्हिडिओ पाहून लिंबू-सोडा घासतो, कुणी कोळशाची काळी पावडर मागवतो, कुणी पार्लरमधली ‘ऑफर’ विचारतो. दात पांढरे करावेसे वाटले तर त्यात गैर काहीच नाही. पण ‘किती रुपये लागतील?’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की डाग कशाचा आहे?

सगळे डाग सारखे नसतात. चहाचा, तंबाखूचा, खर्ऱ्याचा डाग बराचसा वरवर बसतो. पुष्कळदा नुसत्या क्लीनिंगनंच काम भागतं. दात मुळातच थोडे पिवळसर असतात, कारण इनॅमलखालच्या थराचा रंगच तसा. तो फिका करायला ब्लीचिंग कामी येतं. पण लहानपणी जास्त फ्लोराइडचं पाणी पिऊन उमटलेले चट्टे सहज जात नाहीत. कॅप आणि दातात भरलेलं सिमेंट तर रंग बदलतच नाही. बाजूचे दात उजळले, की ती कॅप उलट उठून दिसते.

डॉक्टरांकडे गेलात तर आधी तपासणी व्हायला हवी. कीड, सुजलेल्या हिरड्या यांचा उपचार आधी, पांढरेपणा नंतर. मग शेड कार्ड लावून आजचा रंग बघतात, हिरड्या झाकतात आणि दातांवर २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल लावतात. सगळं मिळून तास-दीड तास. दुसरा मार्ग म्हणजे मापाचा ट्रे आणि सौम्य जेल घरी नेऊन दोन-चार आठवडे लावणं. दोन्हीत दात शिवशिवतात. बहुतेकांचं हे काही दिवसांत थांबतं. पहिल्या दिवशी दात जास्तच पांढरे दिसतात, कारण ते कोरडे पडलेले असतात. नंतर रंग थोडा खाली येतो. घाबरू नका, फसवणूक झाली असंही समजू नका. पहिले दोन दिवस चहा, हळदीची भाजी टाळा. आणि हा रंग कायमचा नसतो.

पार्लरला मात्र आमचा साफ नकार आहे. युरोपीय महासंघात ०.१ ते ६ टक्के पेरॉक्साइडची उत्पादनंसुद्धा डेंटिस्टमार्फतच मिळतात, आणि १८ वर्षांखालच्यांना मिळतच नाहीत. हे जेल हिरडीला लागलं तर ती भाजते. लिंबू-सोड्याचंही तेच: लिंबाच्या आम्लानं इनॅमल मऊ पडतं, वरून घासलं की झिजतं, आणि झिजलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. खालचा पिवळा थर मग आणखीच दिसतो. म्हणजे पांढरे करायला गेलो न् पिवळे करून बसलो!

आता आपल्या गावाचं बोलू. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मधे सेमाडोहचा घाट. एवढ्या लांब जायचं ठरलं तर आधी फोन करून विचारा: किती फेऱ्या, एकूण खर्च किती, घरी ट्रे देता का? डॉक्टरांची दंत परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही पाहा.

आणि खर्रा चालूच ठेवून व्हाइटनिंग करणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी-तंबाखूचा खर्रा आजही हातोहात मिळतो. आरशासमोर उभे राहा, तोंड उघडा, तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील, तिखट लागलं की जळजळ होत असेल, किंवा गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा असेल, तर व्हाइटनिंगचं राहू द्या. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता बरीच जास्त असते.

पांढरे दात म्हणजे निरोगी दात नव्हेत. थोडे पिवळसर पण घट्ट, न किडलेले दात असतील, तर बिनधास्त हसा. तरीही उजळ हवे असतील तर जरूर करून घ्या, पण डाग कशाचा ते डॉक्टरांकडून कळल्यावरच.