ग्राफिक्स कार्ड तीस हजारांचे, एसएमपीएस हजाराचा!

सातारा असो वा सांगली, नवा संगणक जोडून घेताना चर्चा रंगते ती ग्राफिक्स कार्डाची. पंचवीस-तीस हजारांचे कार्ड निवडण्यासाठी महिनाभर यूट्यूब पालथे घातले जाते. शेवटी बजेट दोन हजारांनी ओलांडले की कात्री लागते ती एसएमपीएसला. कॅबिनेटसोबत येतोच आहे, तोच लावा, असे ठरते. मग गेम ऐन रंगात असताना किंवा लग्नाच्या व्हिडिओचे रेंडरिंग नव्वद टक्क्यांवर आले असताना संगणक एकदम बंद पडतो आणि दोष जातो बिचाऱ्या कार्डाला.

कार्ड वीज खाते किती?

नवे कार्ड म्हणजे जास्त वीज, असे सरसकट नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० ची मर्यादा १७० वॅट होती, त्यानंतर आलेल्या ४०६० ची ११५ वॅट आहे. वरच्या टोकाला मात्र आकडे डोळे विस्फारणारे आहेत: ४०९० ला ४५० वॅट, ५०९० ला ५७५ वॅट.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. उरलेली वीज एसएमपीएसच्या स्वतंत्र वायरीने येते. सहा पिनांचा जोड ७५ वॅटचा, आठ पिनांचा १५० वॅटचा. योग्य जोड नाही म्हणून हार्ड डिस्कच्या साटा वायरीला कन्व्हर्टर लावून काम भागवले जाते. तो जोड १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅटचा असतो. वायर वितळण्याचे प्रकार इथूनच सुरू होतात.

शिवाय छापलेला आकडा सरासरीचा. विहिरीवरची मोटार सुरू होताना जशी क्षणभर जास्त करंट ओढते, तसे मोठे कार्ड काही मिलिसेकंदांसाठी मर्यादेच्या बरेच वर उसळते. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा, अशी अपेक्षा धरली गेली.

लेबलवर काय वाचायचे?

खोक्यावर ठळक छापलेले ‘५०० वॅट’ वाचून थांबू नये. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत, ते पाहावे. कार्ड आणि प्रोसेसरचा जवळजवळ सगळा भार तिथेच असतो. समजा १८ अँपिअर लिहिले असतील, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. आता ४०६० चे ११५, मध्यम प्रोसेसरचे ९० आणि बाकीचे ४०-५० धरले तर गरज झाली अडीचशेची. नावाला ५०० वॅट असलेला हा डबा त्यात कमी पडतो. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो आणि ४०६० साठी एनव्हिडियाची शिफारसही ५५० वॅटचीच आहे. तेव्हा ‘असू द्यावा’ म्हणून ८५० चा घेण्यातही अर्थ नाही. ८५० ची गरज ४०९० सारख्या कार्डाला.

‘८० प्लस’चा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. ब्राँझऐवजी गोल्ड घेतल्याने बिल खूप वाचते, हा युक्तिवादही घरगुती ग्राहकाला फारसा लागू पडत नाही. अडीचशे वॅटचा संगणक रोज चार तास चालवला तर ८० टक्के कार्यक्षमतेला महिन्याला साधारण ३७ युनिट जातात, ८८ टक्क्यांना ३४. फरक तीन युनिटांचा. खरा फटका बसतो तो या ३७ युनिटांमुळे घरचा वापर शंभरच्या पुढे गेला तर. महावितरणच्या त्यापुढच्या टप्प्याचा दर कितीतरी चढा आहे.

वीज गेली तर?

कोयनेचा १,९६० मेगावॉटचा प्रकल्प सातारा जिल्ह्यातला. तरी पावसाळ्यात वीज गेली की पाटणकरही मेणबत्तीच शोधतो! दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास भार उचलतो. ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर आणि एसएमपीएसमधला अपव्यय धरला तर तो काठावर येतो आणि बॅटरी फाइल सेव्ह करण्यापुरती चार-दोन मिनिटे टिकते. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल तर तो साइन वेव्हचा असावा आणि त्यावरचे बटण ‘यूपीएस’वर ठेवावे. एसएमपीएस वीज गेल्यावर सेकंदाचा साठावा भागच तग धरतो. इन्व्हर्टर ‘इको’वर असेल तर भार घ्यायला त्याला याहून जास्त वेळ लागू शकतो आणि संगणक रीस्टार्ट होतो.

जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत आणखी एक अडचण असते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे म्हणून तो बदलला जातो, नवाही तसाच शॉक देतो. दोष असतो अर्थिंगचा. एसएमपीएसमधला फिल्टर थोडा विद्युतप्रवाह अर्थिंगमध्ये सोडतो. ती वाटच नसेल किंवा दोन पिनांचे एक्स्टेन्शन वापरले असेल, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर मुख्य पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मा व्होल्टेज दिसतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने एरवी जीवावर बेतत नाही, पण आत खरोखरच बिघाड झाला तर वाचवणारे काही उरत नाही. अशा वेळी दुकानात खेटे घालण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे.

दुकानदारांनीही बिलावर नुसते ‘एसएमपीएस ५०० वॅट’ न लिहिता कंपनी, मॉडेल आणि वॉरंटीची वर्षे लिहायला हवीत. बऱ्या कंपन्या तीन ते पाच वर्षांची वॉरंटी देतात. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ती किती, हे पैसे देण्याआधीच विचारावे.