दीड दिवसाचं डब्लिन

"आम्ही लंडनला येतोय. तिथून दीड दिवस तुझ्याकडे. काय काय बघून होईल रे?"

असा फोन वर्षातून चार-पाचदा येतो. कधी मावसभाऊ, कधी कॉलेजातला मित्र, कधी ज्यांचं नाव आठवायला मलाच दोन मिनिटं लागतात असे शेजारच्या काकूंचे भाचे. फोनमागोमाग यादी येते. ट्रिनिटी कॉलेजातला तो जुना ग्रंथ, गिनेसचा कारखाना, किल्मेनमचा तुरुंग, क्लिफ्स ऑफ मोहर, जमलं तर उत्तरेतला जायंट्स कॉजवे. यादीच्या तळाशी मोठ्या मनाने लिहिलेलं असतं: "तुझं ते मेनूथही बघू, येता-जाता."

हे 'येता-जाता' फार फसवं आहे. त्याबद्दलच आज लिहायचंय.

मेनूथ म्हणजे डब्लिनच्या पश्चिमेला साधारण पंचवीस किलोमीटरवरचं, किल्डेअर काउंटीतलं छोटं गाव. एक मुख्य रस्ता, एका टोकाला पडका किल्ला आणि कॉलेज, बाजूने रॉयल कॅनॉल आणि कॅनॉलला लागून रेल्वे. डब्लिनच्या कॉनली स्टेशनाला पोचायला पाऊण तास लागतो. मी इथे बरीच वर्षं आहे, आणि पाहुण्यांना डब्लिन दाखवण्याचा धंदा फुकटात करतो. त्यातून माझं एक मत बनलंय. वेळ कमी असेल तर यादीतली ठिकाणं निवडायचीच नाहीत. आधी पाहुणा बघायचा, मग ठिकाण.

पण त्याआधी थोडं गणित. इंजिनियरला सवय असते, सांभाळून घ्या.

दीड दिवस म्हणजे छत्तीस तास, असं येणारा धरतो. त्यातून रात्रीची झोप काढा. आंघोळी, चहा, नाश्ता, दोन-तीन जेवणं काढा. विमानतळावरून येणं, परत जाणं आणि दोन तास आधी तिथे पोचणं काढा. मेनूथ-डब्लिन गाडीतले पाऊण-पाऊण तास काढा. हातात उरतात जेमतेम बारा तास. आता मोहरचे कडे देशाच्या पश्चिम टोकाला, अटलांटिकवर. डब्लिनहून बसने एका बाजूला तीन तासांच्या वर. मधले थांबे धरले की बारातले बारा संपले! आणि कॉजवे तर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे कायद्याने दुसऱ्याच देशात.

दुसरी गंमत उजेडाची. इथे जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारनंतर लगेच. उन्हाळ्यात आलेला पाहुणा म्हणतो, "अरे वा, केवढा मोठा दिवस!" पण संग्रहालयांना सूर्याशी काही देणंघेणं नसतं, बहुतेकांची दारं पाचच्या आसपास बंद होतात. म्हणून उन्हाळ्यात छपराखालचं आधी उरकायचं आणि बाग, कॅनॉल, रस्ते संध्याकाळसाठी ठेवायचे. हिवाळ्यात याच्या बरोब्बर उलट.

इतकं सगळं मला कळतं म्हणजे मी पहिल्यापासूनच शहाणा होतो असं समजू नका. हे शहाणपण मला माझ्या वडिलांच्या खर्चाने आलं.

२०१३ च्या जूनमध्ये आई आणि अण्णा बहिणीकडे लंडनला आले होते. तिथून माझ्याकडे पाच दिवस. येण्या-जाण्याचा एकेक दिवस गेला की उरले तीन. मी महिनाभर आधी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. वेळ, ठिकाण, तिकीट, अंतर, शेरा. ऑफिसात एवढ्या मन लावून मी कुठला तक्ता केल्याचं आठवत नाही.

पहिल्या दिवशी ट्रिनिटी. बुक ऑफ केल्स हा साधारण इसवी सन ८०० च्या सुमाराचा, वासराच्या कातड्यावर लिहिलेला, चित्रांनी नटवलेला बायबलातल्या चार शुभवर्तमानांचा लॅटिन ग्रंथ. काचेच्या पेटीत त्याची उघडी असलेली पानं तेवढीच दिसतात, आणि पेटीभोवती माणसं आषाढीसारखी. अण्णांना माणसांच्या पाठी दिसल्या. दुपारी गिनेसचा कारखाना. अण्णा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाला मी सात मजले चढवून दारूच्या कारखान्याच्या माथ्यावर नेलं, कारण तक्त्यात 'शहराचं उत्तम दृश्य' असं लिहिलं होतं. ते पाण्याचा ग्लास हातात धरून काचेतून बघत राहिले. एवढंच म्हणाले, "कारखाना नेटका ठेवलाय हो."

दुसऱ्या दिवशी मोहर. पहाटे उठून बस. कडे २१४ मीटर उंच आहेत असं मी वाटेत तीनदा सांगितलं. पोचलो तर असं धुकं की कठड्यापलीकडे नुसता पांढरा पडदा. आईचे पाय सुजले होते. अण्णांनी पाच मिनिटं त्या पांढऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पावसाळ्यात आपल्या आर्थर सीटवरनं अस्संच दिसतं." तुम्ही हसाल, मीही हसलो. पण त्या एका वाक्यासाठी आम्ही जवळजवळ सात तास बसमध्ये बसलो होतो.

तिसरा दिवस खरेदीत आणि सामान बांधण्यात गेला. आणि त्या दिवसाच्या रकान्यात, तक्त्याच्या अगदी शेवटी मी लिहिलं होतं: 'कॉलेजचं संग्रहालय, घराजवळच, येता-जाता.'

आता अण्णा कोण होते ते सांगतो. अण्णा वीज मंडळात वायरमन म्हणून लागले आणि सातारा जिल्ह्यातल्या गावागावांतल्या डीपी सांभाळत त्यांनी नोकरी पुरी केली. पावसात, रात्री-अपरात्री, सायकलवर. आमच्या घरी सणाच्या दिवशी अण्णा जेवायला बसले आणि कुणी बोलवायला आलं नाही, असं क्वचितच झालं. डीपी, म्हणजे शहरी भाषेत ट्रान्सफॉर्मर, हा त्यांचा आयुष्यभराचा सोबती.

आणि मेनूथच्या कॉलेजात, माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर, त्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्वज ठेवलेला आहे.

हे कॉलेज १७९५ साली कॅथलिक पाद्री घडवण्यासाठी निघालं. तिथे निकोलस कॅलन नावाचे पाद्री पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी १८३६ मध्ये इंडक्शन कॉइल बनवली. लोखंडी गाभ्यावर आधी जाड तारेचे थोडे वेढे, मग बारीक तारेचे भरपूर वेढे. जाड तारेत बॅटरीचा प्रवाह सोडायचा आणि तोडायचा, की बारीक तारेच्या टोकांना कितीतरी पट जास्त व्होल्टेज. गावातल्या डीपीचं तत्त्व हेच आणि जुन्या स्कूटरच्या इग्निशन कॉइलचंही हेच. व्होल्टेज मोजायला तेव्हा साधन नव्हतं, म्हणून कॅलनसाहेब विद्यार्थ्यांना झटके देऊन अंदाज घेत, असं सांगतात! पुढे श्रेय मात्र बरीच वर्षं पॅरिसच्या रुमकॉर्फ या उपकरणं बनवणाऱ्याला मिळालं. कॅलनची उपकरणं मेनूथच्या विज्ञान संग्रहालयात आहेत.

त्या शेवटच्या दिवशी आम्ही तिथे गेलो नाही. एका सुटकेसचं वजन दोन किलो जास्त भरत होतं आणि त्यात संध्याकाळ गेली.

अण्णा साताऱ्याला पोचल्यावर बोलता बोलता मी फोनवर कॅलनची गोष्ट सांगितली. मोहर, ट्रिनिटी, गिनेस या तिन्हींवर मिळून अण्णा पाच मिनिटं बोलले नव्हते. या विषयावर अर्धा तास सोडेनात. वेढे किती? तार तांब्याची की लोखंडाची? आणि इन्सुलेशन कशाचं रे, तेव्हा वॉर्निश कुठलं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना, कारण इतकी वर्षं इथे राहून मीसुद्धा ते बघितलेलं नव्हतं. घराजवळच होतं ना, येता-जाता बघू! "पुढच्या वेळी आलात की पहिल्या दिवशी तिथेच," मी म्हटलं. अण्णा २०१६ मध्ये गेले. पुढची वेळ आली नाही.

असो.

त्यानंतर मी तक्ते करणं सोडलं. आता पाहुण्याचा फोन आला की तीन प्रश्न विचारतो. आयुष्यभर काम काय केलंत? पाय किती चालतात? आणि घरी गेल्यावर कुणाला काय सांगायला आवडेल? लोकांना आधी हे विचित्र वाटतं. व्हिसाची मुलाखत चालली आहे की काय, असंही एकाने विचारलं. पण उत्तरं मिळाली की निम्मी यादी आपोआप गळते.

इतिहास शिकवलेल्या एका मावशींना मी किल्मेनमला नेलं, बाकी काही नाही. १९१६ च्या ईस्टर उठावाच्या चौदा नेत्यांना इंग्रजांनी याच तुरुंगाच्या अंगणात गोळ्या घातल्या. जखमी जेम्स कॉनलीला उभं राहवेना म्हणून खुर्चीला बांधून. आत मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं आणि तिकिटं बरेच दिवस आधी संपतात, तेवढं ध्यानात ठेवा. मावशी अंगणात गप्प उभ्या राहिल्या आणि बाहेर आल्यावर अंदमानबद्दल तासभर बोलल्या. बावीस वर्षांच्या भाच्याला गिनेसलाच जायचं होतं, त्याला गिनेसलाच पाठवलं. त्याच्यासाठी ते अगदी योग्य ठिकाण होतं. चुकीचं होतं ते अण्णांसाठी.

चित्रांची आवड असेल तर डब्लिन कॅसलच्या आवारातलं चेस्टर बीटी. फुकट, आणि गर्दी ट्रिनिटीच्या मानाने फारच कमी. बीटी हा अमेरिकेतला खाण इंजिनियर. खाणींत कमावलेला पैसा त्याने हस्तलिखितांत आणि लघुचित्रांत घातला आणि संग्रह आयर्लंडला दिला. अकबरनाम्याच्या एका प्रतीची पानं त्याच्या संग्रहात आहेत.

गणिताचा मास्तर आला तर खर्च फक्त गाडीच्या तिकिटाचा. मेनूथच्या गाडीने ब्रूमब्रिजला उतरायचं. स्टेशनाला लागूनच रॉयल कॅनॉलवरचा दगडी पूल. १६ ऑक्टोबर १८४३ ला हॅमिल्टन बायकोबरोबर कॅनॉलकाठाने चालला होता, तेव्हा त्याला क्वाटर्नियनचं सूत्र सुचलं आणि त्याने ते चाकूने या पुलावर कोरलं. कोरलेलं आता दिसत नाही, पाटी आहे. आज यानांची दिशा ठरवताना आणि संगणकावरची चित्रं फिरवताना हेच गणित लागतं.

आणि हल्ली येणारा प्रत्येक मराठी माणूस वराडकरांबद्दल विचारतोच. मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ इथला पंतप्रधान होता. त्यांना मी किल्डेअर स्ट्रीटवर संसदेसमोर उभं करतो. ही इमारत म्हणजे लेन्स्टर हाउस, मुळात किल्डेअरच्या फिट्झजेरल्ड सरदारांचा शहरातला वाडा. त्याच घराण्याचा जुना किल्ला आमच्या मेनूथला. १५३५ मध्ये इंग्रजांनी तो तोफांनी पाडला आणि शरण आलेल्या शिबंदीला मारून टाकलं. 'मेनूथची माफी' ही म्हण तेव्हापासूनची. आपल्या राजगड-प्रतापगडापुढे हा किल्ला म्हणजे बुरूजच, पण गोष्ट तीच.

तुम्ही म्हणाल, एवढे पैसे भरून यायचं, शेंगेनचा शिक्का इथे चालत नाही म्हणून व्हिसाची खटपट वेगळी करायची, आणि मोहर न बघता परत जायचं? शेजारी विचारतील तेव्हा काय सांगू? हा प्रश्न खोटा नाही. आपल्यातले बहुतेक जण आयुष्यात एकदाच येणार, आणि यादीची भीती त्यातूनच येते. चार दिवस असतील आणि हवा चांगली असेल तर मोहरला जरूर जा, समुद्राचं तसं दर्शन विरळाच. पण दीड दिवसात नाही. शेजाऱ्याला दाखवायला मोहरचा फोटो नेटवर मिळतो, माझ्या धुक्यातल्या फोटोपेक्षा हजारपट चांगला.

अण्णा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एकटाच संग्रहालयात गेलो. ते रोज उघडं नसतं, आधी वार बघून जावं लागतं. मी कॉइलसमोर उभा राहिलो, आणि वेढे मोजता येतात का ते बघितलं. येत नाहीत. शेवटी तिथल्या गृहस्थांना विचारलं, "इन्सुलेशन कशाचं हो?" त्यांनी हौसेने बरंच काही सांगितलं. मी ते खिशातल्या कागदावर लिहून घेतलं, आणि मग तो कागद कुणाला पाठवायचा ते काही सुचेना.

तेव्हा मंडळी, इकडे आलात तर जरूर कळवा. मेनूथ आपण पहिल्या दिवशी सकाळी बघू. डब्लिन येता-जाता होईल.