जुन्या जीपचे पाटे बदलताना

सिंदेवाही तालुक्यातील एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी वडिलांच्या वेळची महिंद्राची डिझेल कमांडर आहे. गाडी मागून बसली आहे, त्यातही डावीकडे जास्त. एक मिस्त्री म्हणाला, "भाऊ, दोन्हीकडे एक-एक पाटा वाढवून देतो जी, मग पाहाचं कामच नाही." दुसऱ्याने सांगितले, सगळा संच नवा घ्या. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "गाडी धानाचे कट्टे वाहते आणि दर महिन्याला आईला चंद्रपूरच्या दवाखान्यातही नेते. आईला कंबरेचे दुखणे आहे. काय करावे?"

बंधूंनो, पाटा वाढवू नका, एवढे आधीच सांगून टाकतो. का, ते आता सविस्तर पाहू. कारण ही जीप आपल्या भागात नुसती गाडी नसते. रात्री-बेरात्री बाळंतीण न्यायची ती याच गाडीने, आणि भाऊबीजेनंतर मंडईला, नाटकाला जायचे तेही हिच्यातच.

पाटा वाढवण्याचा उद्योग मी स्वतः केलेला आहे. मागच्या बाजूला दोन-दोन पाटे घातले. कट्टे भरले की गाडी अशी ताठ चालायची की मिस्त्रीचा हात धरून आभार मानावेत. रिकामी असली की मात्र गोट्यासारखी उडायची. चार महिन्यांनी वडशाहून नाटक पाहून परतताना, आरमोरीच्या अलीकडे, मागचा शॅकल ज्या कानाला बसतो तो कानच चेसिसपासून फाटला. चाक बॉडीला घासू लागले. घरची नऊ माणसे, त्यात दोन लहान लेकरे, आणि दोन्ही बाजूंना वाघाचा वावर असलेले जंगल. पहाटे दुधाची गाडी येईपर्यंत आम्ही काचा नसलेल्या जीपमध्ये ताडपत्री ओढून बसून राहिलो. त्या रात्री सौभाग्यवती एक शब्द बोलली नाही. नंतर मात्र पुष्कळ बोलली.

असे का झाले? आपल्या बंडीला कमान नसते, पण बैलाची चाल संथ म्हणून चालून जाते. जीप खड्ड्यात आदळते तेव्हा तो धक्का कुणीतरी गिळावा लागतो. पाटे वाकतात म्हणून धक्का गिळला जातो. पाटे वाकेनासे झाले की तोच धक्का शॅकलला, चेसिसला आणि बसलेल्यांच्या मणक्याला जातो. सात पाट्यांच्या कमानीत तसाच आठवा घातला, तर ती साधारण सातव्या हिश्श्याने कडक होते. जाडीचा हिशेब याहून अवघड आहे. सात मिलिमीटरच्या पाट्याऐवजी आठ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो जवळजवळ दीडपट कडक होतो. दिसायला फरक मिलिमीटरचा! म्हणून "जरा जाड टाकून देतो" हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. शिवाय कमान कडक केल्याने चेसिसची, ब्रेकची आणि टायरची ताकद काही वाढत नाही. चाळीस किलोचे बारा कट्टे म्हणजे पाच क्विंटलला थोडेच कमी, आठ माणसांचे वजन. त्यावर आणखी माणसे बसवायची असतील, तर दोन खेपा कराव्यात.

आता निवड कशी करावी ते पाहू. आधी गाडी सपाट जागी, रिकामी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत दोरीने माप घ्या, दोन्हीकडे. इंचभर किंवा जास्त फरक असेल तर पाटे बसले किंवा तुटले आहेत. मग खाली निजून नीट पाहा. तुटलेल्या पाट्याची चीर बहुधा मधल्या बोल्टपाशी किंवा डोळ्याजवळ असते. मातीने बुजलेली असते, म्हणून तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय दिसत नाही. पत्रलेखकांची गाडी डावीकडे जास्त बसली आहे, तेव्हा तिथला एखादा पाटा तुटला असावा, अशी मला शंका आहे. तसे असेल तर पाटा वाढवणे म्हणजे मोडलेल्या हाडावर जाड सदरा घालण्यासारखेच.

पुष्कळदा पाटे चांगले असतात आणि खडखड बुशांची असते. रबरी बुश, शॅकलच्या पिना, यू-बोल्ट आणि पाट्यांच्या मधून आरपार जाणारा सेंटर बोल्ट, एवढे सामान पूर्ण संचाच्या मानाने अगदी स्वस्त पडते. पैसे कमी असतील तर सुरुवात इथून करावी. सेंटर बोल्टला मात्र क्षुल्लक समजू नये. या जीपमध्ये आस जागेवर धरून ठेवण्याचे कामही पाटेच करतात. यू-बोल्ट सैल पडून सेंटर बोल्ट तुटला की आस मागे सरकते आणि गाडी एका अंगाला ओढते. पुढच्या चाकांचे असे झाले तर स्टिअरिंग हातात असूनही उपयोग नाही.

पाटे बदलायचेच ठरले तर एकाच आसाच्या दोन्ही बाजूंचे बदलावेत. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी कायम तिरपी चालते. दुकानात जाताना जुना मुख्य पाटा सोबत न्या. कमांडर, मार्शल, आर्माडा, एमएम ५४० ही नावे एका घरची असली तरी पाटे एकमेकांचे बसतीलच असे नाही. १९४७ साली मुंबईत विलिस जीप जोडण्यापासून सुरू झालेल्या या घराण्यात पुढे बरेच फाटे फुटले. २००० साली आलेल्या बोलेरोला तर पुढे पाटेच नाहीत, स्प्रिंगा आहेत. मागे तेवढे पाटे. म्हणून मॉडेल, साल, पुढचे की मागचे हे सांगून शिवाय माप जुळवावे: डोळ्यापासून डोळ्यापर्यंत लांबी, रुंदी, जाडी, डोळ्याचे भोक, आणि सेंटर बोल्टचे भोक दोन्ही डोळ्यांपासून किती अंतरावर आहे ते. हे शेवटचे माप सगळे विसरतात. भोक नेहमी बरोबर मध्यावर असतेच असे नाही.

भंगारातला ट्रकचा पाटा कापून बसवण्याची आपल्याकडे फार हौस. गॅसने कापताना आणि भोक पाडताना पोलादाचे पाणी उतरते, मग तो तिथेच तुटतो. कारखान्यात पाटा लाल करून तेलात विझवतात आणि पुन्हा बेताची आच देऊन त्याचा ठिसूळपणा काढतात. गावच्या भट्टीत लाल करून ठोकला आणि पाण्यात बुडवला, तर कमान चढलेली दिसते, पण पाटा काचेसारखा होतो. नुसता हवेत थंड केला तर नरम राहतो आणि महिन्याभरात पुन्हा बसतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडून तर गाडी घेऊन सरळ घरी यावे.

शॉकअपबद्दलही एक गैरसमज आहे. शॉकअप वजन उचलत नाही, ते पाट्यांची उसळी आवरते. गाडी बसली म्हणून शॉकअप बदलून काही होणार नाही. तेल गळत असेल किंवा एका खड्ड्यानंतर गाडी डुलतच राहत असेल तर बदलावे, तेही जोडीने आणि त्याच मॉडेलचे.

बसवताना मिस्त्रीजवळ उभे राहा. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू देऊ नका. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर टांगलेली असताना शेवटचे आवळायचे नसतात. चाके जमिनीवर टेकवून, वजन आल्यावर आवळायचे. नाहीतर नवे रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पाट्यांना जळके ऑइल चोपडण्याची जुनी सवय आहे, तीही सोडावी. ते बुशांवर उतरते आणि रबर फुगवते. पाटे उघडलेले असतानाच मधे ग्रॅफाइटचे ग्रीस लावून घ्यावे. पाचशेएक किलोमीटर झाले की यू-बोल्टचे नट पुन्हा आवळून घ्या.

गाडीला पंधरा वर्षे उलटली असतील आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती परिवहन कार्यालयात न्यायची असेल, तर हे काम त्याआधीच उरकावे. तिथेही गाडी तपासली जातेच.

राहिला आईंचा प्रश्न. त्यांना मागच्या आडव्या बाकावर बसवू नका. तो बाक बरोबर मागच्या चाकांवर येतो, सगळा दणका तिथेच. पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा, पाठीशी घडी केलेली गोधडी द्या, आणि निघण्यापूर्वी टायरची हवा बघा. कट्टे वाहिले त्या दिवशी भरलेली हवा दुसऱ्या दिवशी दवाखान्याला जाताना तशीच ठेवलेली असते.