खोक्यात कोण आहे?

आपल्या देशात चिवड्याच्या पाकिटावरसुद्धा आत काय आहे ते छापावं लागतं. पोहे, शेंगदाणे, तेल कुठलं, रंग घातलाय का, शिवाय शाकाहारी असल्याची ग्वाही देणारा हिरवा ठिपका. दहा रुपयांच्या चिवड्याला एवढा धाक! आणि आठशे रुपयांच्या वाय-फाय ॲडॉप्टरला? त्याच्या खोक्यावर असतं लॅपटॉपकडे बघून दात काढणारं एक सुखी कुटुंब, वेगाचा एक अवाढव्य आकडा आणि बारा भाषांतून अभिनंदन. आत चिप कुठली आहे, ही एकच कामाची गोष्ट. नेमकी तीच छापायची नाही, हा या मंडळींचा कुळाचार दिसतो.

‘चिप कुठली का असेना, इंटरनेट लागल्याशी कारण,’ असं तुम्ही म्हणाल. विंडोजवाल्यांनी खुशाल म्हणावं. लिनक्सवाल्याला ते परवडत नाही. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तो वाढवला. ही प्रणाली कुणीही घ्यावी, उघडून बघावी, दुरुस्त करावी, शेजाऱ्याला द्यावी. मात्र यंत्राशी बोलायला तिला ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. चिप ओळखीची असली तर दुभाष्या घरातच हजर असतो. नसली, तर ॲडॉप्टर आणि कॉम्प्युटर एकमेकांसमोर अबोला धरलेल्या जावांसारखे बसून राहतात.

आता हा खटाटोप करायचाच कशाला? तर आमच्या वसाहतीच्या वाचनालयात चार जुने कॉम्प्युटर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ हे चौघांना वयोमानामुळे नाकारते. समितीतल्या निम्म्या लोकांनी भंगारवाल्याचा नंबरही काढून ठेवला होता. मी लिनक्स घातलं आणि चौघेही टुणटुणीत झाले. मुलांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला आता फक्त इंटरनेट हवं होतं. म्हणून चार ॲडॉप्टर आणले. ‘लिनक्सवर चालतील ना?’ असं दुकानदाराला स्पष्ट विचारून आणले. ‘काका, सगळ्यावर चालतात!’ असं तोही तितक्याच स्पष्टपणे म्हणाला.

दोन लागले. दोन मख्ख.

चारही खोकी सारखी, मॉडेलचं नाव एकच, कुटुंबही तेच हसणारं. तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत मात्र दोघांवर ‘व्ही १’ आणि दोघांवर ‘व्ही २’. म्हणजे मधल्या काळात कंपनीने आतली चिपच बदलली होती आणि नाव तेच ठेवलं होतं. स्थळ ठरवताना नाव, गाव, पत्रिका सगळं दाखवायचं एकाचं आणि मांडवात उभा करायचा त्याचा चुलतभाऊ! लग्नात असं झालं तर पोलीस येतात. इथे ‘नवी आवृत्ती’ येते.

माझा भाचा संगणकातला माणूस. तो फोनवर म्हणाला, “मामा, चिपसेट बघून घ्यायचा असतो.”

“कुठे बघून?”

“ॲडॉप्टर कॉम्प्युटरला लावायचा आणि एलएसयूएसबी ही आज्ञा द्यायची. चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक दिसतात, मधे विसर्गासारखी दोन टिंबं. त्यावरून कळतं.”

“म्हणजे विकत घेतल्यावर कळतं?”

“हो.”

ही पिढी असली वाक्यं गंभीर चेहऱ्याने बोलू शकते, याचं मला कौतुक आहे.

पुढचा प्रकार तर विहिरीत पडलेली बादली काढायला त्याच बादलीने पाणी उपसण्याचा. ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट ड्रायव्हरशिवाय नाही. शेवटी मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडून त्याचं इंटरनेट उसनं घेतलं. मग कळलं, की आमचे दोघे मख्ख स्वतःला वाय-फाय म्हणवतच नाहीत. आपण सीडी आहोत असं सांगतात. पोटात विंडोजचा ड्रायव्हर असलेली सीडी! ही खोटी सीडी बाहेर काढल्याचं नाटक केलं, की मग महाराज वाय-फायच्या रूपात प्रकट होणार. पाहुण्याने दारात उभं राहून ‘मी पाहुणा नाही, त्याची ट्रंक आहे’ म्हणावं, तसं. ड्रायव्हर कुणी तरी परोपकारी माणसाने फावल्या वेळात सांभाळलेला. लिनक्सचा गाभा अद्ययावत झाला की तो पुन्हा नव्याने बांधायचा.

यावर एक ठरलेला शेरा असतो: “फुकटची प्रणाली वापरता, मग तक्रार कसली?” अहो, फुकट प्रणाली आहे, ॲडॉप्टर नाही! तो मी रोख पैसे मोजून घेतला. फुकट राबणारा रात्र जागून माझी अडचण सोडवतो, आणि पैसे घेणारा खोक्यावरून दात काढतो. तक्रार कुणाविरुद्ध करायची?

कंपन्या म्हणतात, रेडिओ लहरींचे नियम असतात, धंद्याची गुपितं असतात. असतील. पण अथेरॉसने २००८ साली आपल्या चिपांचा लिनक्सचा ड्रायव्हर उघड केला, ब्रॉडकॉमने २०१० साली. आभाळ कोसळलं नाही. दोघांच्याही चिपा विकल्या गेल्या. उलट तत्त्वासाठी हटून बसणाऱ्या डेबियनच्या मंडळींनी २०२२ साली मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअरलासुद्धा आपल्या संचात जागा दिली. लोकांचं अडू नये म्हणून ती माणसं एक पायरी खाली आली. आता एक पायरी कंपन्यांनी उतरायला हरकत नाही.

माझं मागणं राजवाडा लिहून द्या असं नाही. खोक्यावर चिपचं नाव छापा. चिप बदलली तर मॉडेलचं नाव बदला. आणि ड्रायव्हर स्वतः लिहायचा नसेल, तर लिहिणाऱ्याला माहिती तरी द्या. एवढ्याशा शाईअभावी धडधाकट कॉम्प्युटर भंगारात जातात आणि अर्जाची मुदत उलटून जाते.

घरात भाडेकरू ठेवला तर पोलीस मालकाकडे त्याचं नाव, गाव, फोटो, ओळखपत्र मागतात. मी तर फोटोही मागत नाही. पैसे माझे, घर माझं. आत कोण राहतं, एवढं तरी कळू द्या!