वाचलेले अंगी लागावे म्हणून

आमच्या ताडकळस परिसरात सप्ताह बसला की घरोघरची मंडळी ज्ञानेश्वरीच्या पारायणास बसतात. १८ अध्याय, सुमारे ९ हजार ओव्या सात दिवसांत वाचून होतात. काल्याचे कीर्तन झाले की ग्रंथ पुन्हा कापडात बांधला जातो. पुढच्याच आठवड्यात त्यांतील काही जण दवाखान्यात येऊन जुनीच तक्रार सांगतात : झोप लागत नाही, मन ठिकाणावर राहत नाही.

अन्न पोटात गेले म्हणजे ते अंगी लागलेच असे नाही. ग्रंथाचेही तसेच आहे. आपल्या परंपरेने श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. घास घेणे, चावणे आणि पचविणे असा त्यांचा क्रम समजावा. आपल्यापैकी बहुतेकांचे वाचन पहिल्याच पायरीवर थांबते. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात श्रवण व कीर्तन यांच्यानंतर नामस्मरणाचा समास ठेवला आहे, तो याच दृष्टीने वाचावा. आपल्या जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईंचे नाव तर दळणकांडणाशी कायमचे जोडले गेले आहे. हात जात्यावर असतानाही स्मरण चालू शकते, हे त्यांच्या अभंगांतून दिसते.

या स्मरणाचा शरीरावरही परिणाम होतो. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ निरोगी प्रौढांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना अथवा योगमंत्र म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ झाला आणि हृदयाच्या लयीवरही त्याचा अनुकूल परिणाम दिसला. घाईने पाने उरकताना हा संथपणा साधत नाही.

म्हणून रात्री निजण्यापूर्वी सार्थ ज्ञानेश्वरीतील एकच ओवी घ्यावी. ध्यानाचे विवेचन असलेल्या सहाव्या अध्यायापासून आरंभ केल्यास उत्तम. ओवी दोनदा सावकाश, मोठ्याने वाचावी, अर्थ पाहावा आणि ग्रंथ मिटावा. मग दहा मिनिटे स्वस्थ बसावे. मन भरकटले तर ओवीतील एखादा शब्द धरून परत यावे. स्वतःवर चिडू नये. दुसऱ्या दिवशी कामाच्या मध्येच ती ओवी एकदा आठवावी. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे, त्यांना नातवंडांनी वाचून दाखवावी.

मात्र स्मरण हे औषधाच्या जागी योजू नये. पारायणकाळात रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना उपवास धरू नये. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर बसून वाचावे. त्यात कमीपणा नाही. दोन आठवडे उदासी हटत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल तर घरच्यांनी त्या व्यक्तीस एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. ओवी तिच्या उशाशी राहू द्यावी, उपचारही सुरू व्हावेत.