लोकल मिळाली, पुढचं काय?

लोणावळ्याला लोकलमधून उतरलं की कुसगावला कॉलेजला जाणाऱ्यांची खरी परीक्षा सुरू होते. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबा, पावसात भिजा, शनिवार-रविवार पर्यटकांच्या गाड्यांत अडकून पडा. पुण्याहून साठेक किलोमीटर आरामात आलेला माणूस शेवटच्या टप्प्यात मेटाकुटीला येतो!

हे दुखणं जुनंच आहे. नाशिकचं रेल्वे स्टेशन गावापासून लांब, म्हणून १८८९मध्ये नाशिक रोड ते जुनं नाशिक अशी आठ-दहा किलोमीटरची ट्राम सुरू झाली. सुरुवातीला दोन डब्यांना चार घोडे जुंपायचे, पुढे इंजिन आलं. पण दुष्काळ आणि प्लेगने कंबरडं मोडलं. तोट्यातली ट्राम १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. मुंबईची ट्राम मात्र ९ मे १८७४ ते ३१ मार्च १९६४, म्हणजे जवळपास ९० वर्षं धावली.

असं का? रुळावरचं लोखंडी चाक कमी ताकदीत जास्त माणसं ओढतं, पण रुळांचा खर्च आधीच करावा लागतो. तो भरून निघायला दिवसभर प्रवासी हवेत. मुंबईत ते होते. नाशिकसाठी २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओला २,०९२ कोटी जाहीर झाले, तेव्हा केवढी चर्चा झाली! नाशिककर अजून वाट बघतायत.

मग कुसगावला ट्राम हवी का? नको. इथली गर्दी लोकलसोबत येते आणि ओसरते. मधल्या वेळात रूळ रिकामेच राहतील. पण ट्रामच्या तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत : ठरलेला थांबा, ठरलेली वेळ, ठरलेलं भाडं. एवढं तर साधी बसही देऊ शकते, फक्त तिची वेळ लोकलशी जुळायला हवी. चाळीस जणांची एक बस म्हणजे रस्त्यावरच्या तेरा-चौदा रिक्षा कमी.

अडचण आहे ती जबाबदारीची. स्टेशन रेल्वेचं, शहर नगरपरिषदेचं, गाव ग्रामपंचायतीचं आणि विद्यार्थी कॉलेजचे. मधला रस्ता कुणाचा?

नुसतं निवेदन देऊन कुणी हलणार नाही. आधी आकडे हवेत. कोणत्या लोकलने किती जण उतरतात, रिक्षासाठी किती मिनिटं थांबतात, किती पैसे मोजतात, याची आठवडाभर नोंद ठेवा. हा सर्व्हे करायला चार मित्र आणि एक वही पुरे. ती वही टेबलावर ठेवली, की ‘तेवढे प्रवासी आहेत कुठे?’ असं म्हणायला कुणाला जागाच उरणार नाही.